टोनचं बटण, पुणे ३०

आमच्या घरातल्या ज्या पिढीने रेडिओ मागून उघडून पाहिला, त्या पिढीतली आम्ही सगळी आता साठी-सत्तरीच्या घरात आहोत. सख्खी, चुलत, आते, मामे असा हिशेब वाड्यात कुणी ठेवत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सदाशिव पेठेतल्या त्या दोन चौकी वाड्यात जेवढी पोरं पंगतीला बसतील तेवढी सगळी ‘आम्ही’. वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली, आम्ही कोथरूडपासून कॅलिफोर्नियापर्यंत पांगलो. तरी चार जण जमले की गोष्ट फिरून रेडिओवर येते. इतर घरांत पानशेतच्या पुराच्या आणि मुंजीतल्या रुसव्याफुगव्यांच्या आठवणी निघतात. आमच्याकडे कंडेन्सरच्या निघतात.

रेडिओ होता पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला, ओटीवरच्या कोनाड्यात बसवलेला. वर क्रोशाचं झाकण, आणि ओटीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, म्हणजे एरियल. लायसन्सचं पुस्तक फडताळात, पोस्टातून दरवर्षी शिक्का मारून आणायचं. समोर दोन मोठी बटणं: एक आवाजाचं, एक स्टेशनचं. आवाजाच्या बटणावर अण्णांची, म्हणजे आजोबांची सत्ता. स्टेशनच्या बटणाला पोरांनी हात लावायचा नाही, काटा जागेवरून हलतो म्हणून. या दोहोंच्या मधे एक लहानसं बटण होतं, त्याला मालक नव्हता. ते टोनचं. जो जाई तो येता-जाता ते फिरवी, आणि घरातली निम्मी भांडणं त्यावरून होत.

अण्णांना टोन पार बंद लागायचा. गाणं असो, बातम्या असोत, आवाज कसा जाड, गोड पाहिजे. आत्या गाणं शिकत होती. ती ओटीवर आली की पहिल्यांदा टोन उघडायची. तिच्या मते अण्णांच्या टोनवर तंबोरा पिंपात ठेवल्यासारखा वाजायचा आणि तबल्यातला नुसता डग्गाच उरायचा. बुधवारी रात्री आठला मात्र घरात एकमत असे. बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवरून शॉर्टवेव्हने यायची, बरोबर खरखर आणि शिट्ट्या घेऊन यायची, आणि त्या शिट्ट्या घालवायला टोन बंद करण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्या वेळात आत्याचीही तक्रार नसे.

सेट घेतला तो म्हणे गीतरामायणासाठी. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, आणि १९५५ च्या रामनवमीपासून गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या चाली असं ते वर्षभर दर आठवड्याला एक गाणं या हिशेबाने चाललं; एकंदर ५६ गाणी. आमच्यातली थोरली तेव्हा पाळण्यात होती, धाकट्यांचा पत्ता नव्हता. त्यामुळे लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे वगैरे आम्ही ऐकून आहोत. आमचा स्वतःचा काळ त्यानंतरचा. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या देशात पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर, तिथपासूनचा. जाहिरातींची गाणी पाठ असलेली पहिली पिढी आमची, हे अण्णांनी आम्हाला कौतुकाने कधीच सांगितलं नाही.

तर टोन. त्या बटणाबद्दल घरात जी समजूत होती तीच आजही बहुतेकांची आहे: टोन एका बाजूला फिरवला की आवाजात ‘बेस’ भरला जातो, दुसऱ्या बाजूला फिरवला की ‘ट्रेबल’ भरला जातो. काकांनी ती समजूत एका रविवारी दुपारी मोडली. काकांची नोकरी सरकारी, पण हात रेडिओवाल्याचे. सेटची मागची भोकाभोकांची पाटी काढली की आत तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा वास यायचा. व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी तारा धगधगत असायच्या. सेट बंद केला तरी काका लगेच हात घालू द्यायचे नाहीत. मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये बऱ्याच व्होल्टचा साठा मागे राहतो आणि तो बोटातून निघाला की माणूस भिंतीवर आपटतो. मग ते लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने आणि एका रेझिस्टन्सने तो साठा उतरवायचे आणि सेट उपडा करायचे.

चॅसीच्या, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याच्या, खालच्या अंगाला टोनच्या बटणामागे होतं काय? एक पॉट, म्हणजे कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, आणि त्याला जोडलेला मेणकागदी कंडेन्सर, करंगळीएवढा. त्याचं दुसरं टोक चॅसीला. बस्स. काकांनी कंडेन्सरचा एक पाय डाख वितळवून सोडवला आणि सेट लावला. बटण फिरवून काही फरक पडेना. आवाज आत्याच्या आवडीचा, पूर्ण उघडा. पाय परत जोडला, टोन बंद केला, आवाज अण्णांचा. काकांचं म्हणणं एवढंच: बघा, हे बटण काहीही भरत नाही. फक्त काढून घेतं. आवाजातले वरचे, जलद कंप या वाटेने चॅसीवर उतरून जातात आणि स्पीकरपर्यंत पोहोचतच नाहीत. अण्णांना जो जाड आवाज वाटतो तो आत्याच्याच आवाजाचा उरलेला भाग आहे.

हे अण्णांना सांगायची हिंमत त्यांनी केली नाही, हा भाग वेगळा.

कंडेन्सर वरचे कंपच का निवडून नेतो? दोन पत्रे आणि मधे मेणकागद, अशी ती चीज. तिच्यावर भार साठतो, पण साठायला वेळ लागतो, आणि किती वेळ ते वाटेतल्या रेझिस्टन्सवर ठरतं. काकांनी आम्हाला ते हौदावरून सांगितलं. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने गावात आणलं आणि पेठापेठांत हौद बांधले, हे पुण्यातल्या पोराला शाळेत जायच्या आधी माहीत असतं. नळ अरुंद, हौद मोठा. नळाच्या तोंडाशी कुणी क्षणाक्षणाला पाणी कमी-जास्त करत बसला तर हौदाची पातळी ढिम्म हलायची नाही. चढायला लागावं तोवर उतरायची वेळ झालेली असते. त्याने पंधरवडाभर जास्त आणि पंधरवडाभर कमी सोडलं, तर पातळी इमानाने चढेल आणि उतरेल. नळ म्हणजे रेझिस्टन्स, हौद म्हणजे कंडेन्सर. नळ आणखी अरुंद करा नाहीतर हौद आणखी मोठा करा, परिणाम सारखाच: सावकाशीचं तेवढं पोहोचतं, घाईचं वाटेत मुरतं.

घाईचं म्हणजे काय काय, ते आम्ही आमच्याच पत्त्यावरून शिकलो. ‘स’ आणि ‘श’ हे गळ्यातून निघत नाहीत, दातांतून आणि टाळूवरून सुटलेली ती हवा असते. तिचे कंप सेकंदाला अडीच-तीन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत पसरलेले असतात. स्वरांचा मुख्य भाग खाली शे-दोनशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत. दादाने पुढे एकदा माइक लावून, मधे कंडेन्सर टाकून आम्हाला एकेकाला पत्ता म्हणायला लावला. पलीकडच्या खोलीत ऐकू आलं ते ‘अदाइव पेठ, पुणे तीअ’. आम्ही तासभर हसत होतो. पिनकोड यायच्या आधी, १९७२ पर्यंत, पत्रावर पुणे ३० एवढं लिहिलं तरी चालायचं. पण या टोनवर पोस्टमनला वाडा सापडला नसता.

दादा म्हणजे आमच्यातल्या मुलग्यांत थोरला. काका व्हॉल्व्हवाले, दादा ट्रान्झिस्टरवाला. त्याचा सगळा खाऊचा पैसा बुधवार पेठेत जायचा. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत सुट्या भागांची दुकानं, आणि रविवारी-बुधवारी जुना बाजार, जिथे मिलिटरीच्या डिस्पोजलमधले हेडफोन वजनावर मिळाल्यासारखे मिळायचे. रेझिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्या वाचायला त्याने आम्हाला बी. बी. रॉयचं ते इंग्रजी वाक्य पाठ करायला लावलं होतं, ज्यातली ग्रेट ब्रिटनमधल्या त्या गृहस्थाची बायको फार चांगली होती. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे १० किलोओहम. हे आम्हाला आजही अर्ध्या झोपेत येतं; परवाचा पासवर्ड येत नाही.

दुसरी गोष्ट त्याने पाठ करून घेतली ती १५९ ची. रेझिस्टन्स किलोओहममध्ये घ्या, कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये, दोघांचा गुणाकार करा आणि त्याने १५९ ला भागा. येईल तेवढ्या हर्ट्झला हद्द. पुस्तकात हेच एक भागिले दोन पाय आर सी असं लिहिलेलं असतं. एकाला दोन पायने भागलं की ०.१५९ येतात, म्हणून १५९. १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतला तर गुणाकार ०.१, आणि हद्द १५९० हर्ट्झ. कंडेन्सर आडवा, म्हणजे चॅसीला जोडला असेल तर या हद्दीच्या वरचं गळतं. कंडेन्सर वाटेत सरळ बसवला आणि रेझिस्टन्स आडवा केला तर उलटं, हद्दीच्या खालचं अडतं. भाग तेच दोन, हद्द तीच, नुसती जागांची अदलाबदल.

या दुसऱ्या प्रकारावरून काका आणि दादा यांच्यात जे झालं ते आमच्या घरातलं सगळ्यात शास्त्रशुद्ध भांडण. दादाने ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प्लिफायर बनवायला घेतला. एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे आवाज न्यायला मधे कंडेन्सर लागतो. तो बॅटरीचा स्थिर दाब अडवतो आणि हलता आवाज पुढे सोडतो. काकांनी आपल्या डब्यातून सवयीने ०.०१ चा काढून दिला. आयुष्यभर त्यांनी तिथे तोच लावला होता. ॲम्प्लिफायरमधून आवाज आला तो डास गुणगुणावा तसा. काकांचं निदान: ट्रान्झिस्टर ही वस्तूच पोचट, व्हॉल्व्हची सर तिला नाही. दादाने ते ऐकून घेतलं आणि पाटीवर गणित मांडलं. व्हॉल्व्हच्या ग्रिडसमोर ५०० किलोओहमचा रेझिस्टन्स असतो. ५०० गुणिले ०.०१ म्हणजे ५, आणि १५९ भागिले ५ म्हणजे ३२ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वरचं सगळं पोहोचतं, म्हणजे डग्गाही पोहोचतो. ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी मात्र जेमतेम दीड किलोओहम. १.५ गुणिले ०.०१ म्हणजे ०.०१५, आणि १५९ ला त्याने भागलं की दहा हजार सहाशे. त्याच्या खालचं सगळं अडणार. म्हणजे माणसाचं बोलणं, गाणं, पेटी, तबला, सगळंच. दादाने ०.०१ काढून १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवला. हद्द आली साडेदहा हर्ट्झवर आणि आवाज आला भरघोस.

काका पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे माझा कंडेन्सर चुकला नाही. तुमचा रेझिस्टन्स आटला.” आमच्या मते हे वाक्य अगदी बिनचूक होतं. व्हॉल्व्हकडून ट्रान्झिस्टरकडे येताना रेझिस्टन्स तीनशे पटींनी उतरले, म्हणून कंडेन्सर तेवढ्या पटींनी चढवावे लागले, आणि त्या काळात घरोघरी आलेले स्वस्त खिशातले सेट किरकिरे का वाजायचे, त्याचं एक कारण तिथेच होतं. मोठा इलेक्ट्रोलिटिक महाग पडतो. तो जरा लहान घातला की काही पैसे वाचतात आणि डग्गा जातो. दुसरं कारण अर्थात तळहाताएवढा स्पीकर.

दादा पुढे एस. पी. कॉलेजात बी.एस्सी.ला गेला. कॉलेज टिळक रोडला, म्हणजे वाड्यातून चप्पल घालून निघालं की पोहोचलं. तिथल्या प्रयोगशाळेत त्याला हाच प्रयोग रीतसर करायचा होता: सिग्नल जनरेटर, एक रेझिस्टन्स, एक कंडेन्सर, आणि सीआरओच्या, म्हणजे लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, हिरव्या पडद्यावर मोजमाप. निकालाचा आलेख काढायला त्याने सेमी-लॉग कागद आणला. ओटीवर तो पसरून बसला तेव्हा आत्या शेजारी पेटीवर पलटे घोटत होती. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, या रेघा अशा दाटत दाटत का जातात आणि परत मोकळ्या का होतात? कागद खराब छापलाय का?

दादाने सांगितलं, इथे १००, इथे २००, इथे ४००, इथे ८००. बघ, सगळी अंतरं सारखी आहेत. दुप्पट झालं की एक पाऊल.

आत्याने पेटीवर पांढरी सहा दाबली. हिचे किती? ४४०. खालची? २२०. वरची? ८८०. “मग हा आमचाच कागद आहे,” ती म्हणाली, “सप्तकाचा.” आणि परत पलट्यांना लागली. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ज्याला ऑक्टेव्ह म्हणतात ते सप्तकच, आणि माणसाचा कान दुपटीच्या हिशेबानेच वर चढतो, हे दादाला कॉलेजात शिकवलं होतं. पण कागद तसा का छापतात याचं उत्तर त्याला तेव्हा मिळालं, असं तो अजून म्हणतो.

त्या आलेखातले आकडे आमच्यातल्या एकीच्या वहीत अजून आहेत, कारण नक्कल तिने करून दिली होती. हद्दीच्या बरंच खाली आत जेवढं तेवढंच बाहेर. हद्दीवर ०.७०७. एक सप्तक वर ०.४५. दोन सप्तकं वर ०.२४, तीन सप्तकं वर ०.१२. म्हणजे दर सप्तकाला निम्मं, पण ही शिस्त हद्दीपासून थोडं दूर गेल्यावर लागते; पहिल्या पावलाला ती नसते. डेसिबलवाले याला सप्तकामागे सहा डेसिबल म्हणतात. आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते हे की हद्द म्हणजे भिंत नाही. तिथे काही थांबत नाही, तुटत नाही. उतार सुरू होतो, तोही हळूच. १५९० च्या हद्दीत ८८० चा सा वाजवला तर त्याचं साडेसत्त्याऐंशी टक्के अंग शाबूत राहतं. मात्र त्याच्या पोटात जे दुप्पट, तिप्पट, चौपट, दसपट कंप असतात ते क्रमाने झिजत जातात. सूर बदलत नाही, सुराचा वर्ण बदलतो. तंबोऱ्याची जवारी सगळी त्या वरच्या मजल्यांवर राहते. आत्याची तक्रार अण्णा जन्मभर नखरा समजले. ती मोजता येण्याजोगी होती.

आणखी एक गोष्ट सीआरओवर दिसायची, कानाला न कळणारी. बाहेर येणारी लाट आतल्या लाटेच्या मागे पडायची. हद्दीवर बरोबर ४५ अंश. वर चढत जावं तसं मागे पडणं वाढायचं, पण ९० च्या पुढे कधीच नाही. दोन्ही लाटा पडद्यावर एकमेकींवर घातल्या की लंबगोल तयार व्हायचा, आणि बटण फिरवलं की तो कूस बदलायचा. दादा तो दाखवायला आम्हाला एकदा चोरून प्रयोगशाळेत घेऊन गेला होता. फ्रीक्वेन्सी, फेज हे शब्द कळले नाहीत, लंबगोल कळला.

मग गणपतीतलं प्रकरण. आमच्या आळीच्या मंडळाचा मांडव रस्त्यावर आणि ॲम्प्लिफायर आमच्या वाड्याच्या देवडीत, पावसापासून राखायला. मांडवातल्या माइकपासून देवडीपर्यंत वीसेक मीटर शील्डची वायर. व्याख्याता बोलायला लागला की शब्द कळेनात, घोंगडीतून बोलल्यासारखं. माइक बदलला, कर्णा बदलला, ॲम्प्लिफायरचं ट्रेबलचं बटण पार पिरगाळलं. कार्यकर्त्यांचा संशय व्याख्यात्याच्या कवळीवर गेला.

वाटेत कंडेन्सर कुणीच लावलेला नव्हता. दादा म्हणाला, लावलेला आहे. शील्डची वायर म्हणजे मधे तार, भोवती जाळी, दोहोंमध्ये प्लॅस्टिक. दोन धातू आणि मधे न वाहणारं काहीतरी, म्हणजे कंडेन्सरच, फक्त लांबोळका. अशा वायरीला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असतात. वीस मीटरला २०००, म्हणजे ०.००२ मायक्रोफॅरड. माइक ५० किलोओहमचा. ५० गुणिले ०.००२ म्हणजे ०.१, आणि १५९ भागिले ०.१… आम्ही सगळी एका सुरात ओरडलो, पंधराशे नव्वद! तीच हद्द. मंडळाच्या पोरांना वाटलं आम्हाला वेड लागलं. दुसऱ्या दिवशी २०० ओहमचा माइक आणि ॲम्प्लिफायरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर असा जोड कुणाकडून तरी उसना आणला. ०.२ गुणिले ०.००२, हद्द चार लाख हर्ट्झच्या आसपास गेली आणि व्याख्यात्याची कवळी निर्दोष ठरली.

या घोळात आपण एकटे नाही हे आम्हाला फार नंतर कळलं. अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली तारेची केबल याच रोगाने आजारी होती. १८५८ साली तिच्यावरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सोळा तास लागले. हजारो किलोमीटर तांबं म्हणजे रेझिस्टन्स, भोवतीचं गटापर्चा आणि समुद्राचं पाणी म्हणजे कंडेन्सर. एका बाजूने टकटक पाठवलेल्या खुणा दुसऱ्या बाजूला एकमेकींत मिसळून पाझरायच्या. विल्यम थॉमसनने, ज्याला पुढे लॉर्ड केल्विन म्हणू लागले, हे केबल टाकायच्या आधीच गणिताने मांडलं होतं: लांबी दुप्पट केली की रेझिस्टन्सही दुप्पट आणि कंडेन्सरही दुप्पट, म्हणून उशीर चौपट. आमच्या मांडवात माइकचा रेझिस्टन्स ठरलेला होता, वायर लांबली की नुसता कंडेन्सर वाढायचा. म्हणून आमचं दुखणं त्या मानाने किरकोळ.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. वाड्यात टीव्ही एकच, समोरच्या बिऱ्हाडात. रविवारच्या सिनेमाला सगळा वाडा तिथे. चित्र मधेच एकावर एक वर सरकायला लागायचं आणि कुणीतरी मागे जाऊन व्हर्टिकल होल्ड फिरवायचा. तो पॉटही याच कुटुंबातला. टीव्हीच्या संदेशात दोन तऱ्हेच्या खुणा येतात: प्रत्येक ओळ संपल्याची अगदी आखूड खूण, सेकंदाला १५,६२५ वेळा, आणि पडदा खालपर्यंत भरल्याची रुंद खूण, सेकंदाला ५० वेळा. दोन्ही एकाच तारेवरून. त्या वेगळ्या करायला आत दोन साधे जोड असतात. एकात कंडेन्सर आडवा, तो रुंद खुणा साठवून उचलतो, दुसऱ्यात कंडेन्सर सरळ, तो आखूड खुणांच्या कडा पकडतो. टोनच्या बटणाची दोन सख्खी भावंडं.

आणि ती १५,६२५ ची शिट्टी आम्हाला ऐकू यायची. टीव्हीचा आवाज बंद असला तरी समोरच्या बिऱ्हाडात सेट लावलाय हे आम्ही चौकातून सांगायचो. मोठ्यांना वाटायचं पोरांनी खिडकीतून डोकावून पाहिलं असणार. अण्णांना ती शिट्टी येणं शक्यच नव्हतं. वय वाढतं तशी कानाची वरची हद्द आपोआप खाली येते. त्यांना टोन बंद आवडायचा याचं हेही एक कारण असेल का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. जे मुळातच ऐकू येत नाही ते काढून टाकलं तर गोड कसं वाटेल, असं एका पक्षाचं म्हणणं. खरखर मात्र मधल्या पट्टीतही असते आणि ती गेल्याचं सुख कुठल्याही वयाला कळतं, असं दुसऱ्याचं.

जुना रेडिओ गोड वाजायचा, असं हल्ली जो तो म्हणतो. आमचं मत थोडं तिखट आहे. मध्यमलहरीवरून साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नव्हतं, त्यात टोन बंद, त्यात लाकडी पेटीचा घुमारा. हे गोडपण म्हणजे बरंचसं गैरहजरीचं गोडपण. एफएम आलं तेव्हा अनेकांना आवाज ‘टोचला’. तिथे तर केंद्र वरचे कंप मुद्दाम उचलून पाठवतं आणि घरातला सेट ५० मायक्रोसेकंदांच्या रेझिस्टन्स-कंडेन्सर जोडाने ते परत खाली बसवतो, म्हणजे हवेतली सळसळही त्याबरोबर दबते. एवढी उठाठेव स्वच्छ आवाजासाठी करायची, आणि आपण टोन बंद करून बसायचं.

अण्णांचा सेट वाडा पाडताना दादाने उचलून नेला. गेल्या दिवाळीत तो चालू झाला. मेणकागदी कंडेन्सर सगळे गळके झाले होते, ते काढून नवे बसवले. टोनचा पॉट बंदच्या टोकाला गंजून बसला होता, तोही बदलला. मागच्या पिकअपच्या भोकांना मोबाईल जोडला आणि फराळानंतर सगळ्यांना बसवून गाणं लावलं. आवाज लखलखीत. तंबोऱ्याची तार न् तार मोजून घ्यावी. दोन मिनिटांत तक्रारी सुरू: हा आपला रेडिओ नाही, तू बिघडवलास. आत्याच्या वयाला आता ऐंशी उलटली आहेत, कानाला यंत्र आहे. ती एकटी म्हणाली, आता कुठे नीट लागलाय. बाकी सगळे टोन बंद करा म्हणून ओरडत होते, त्यात चाळिशीत आलेली पोरंसुद्धा.

दादाने भाऊबीजेपर्यंत तोडगा काढला. पाठीमागच्या पाटीवर एक तीन जागांचा स्विच बसवला. एका जागेवर ०.०५ चा कंडेन्सर, दुसऱ्या टोकाला ०.००५ चा. पहिल्या जागेवर चिकटपट्टी लावून लिहिलंय ‘अण्णा’, दुसऱ्यावर ‘आत्या’. मधल्या जागेवर काहीच जोडलेलं नाही. तिथे काकांचं नाव घालावं असं काहींचं म्हणणं आहे, कारण कंडेन्सरचा पाय सोडवून तो आवाज पहिल्यांदा त्यांनीच ऐकवला होता. दादा म्हणतो, ०.०१ शिवाय काकांचं नाव घालणं बरं दिसणार नाही.